उजळाईवाडीचे आकाशमार्ग

एखाद्या नगराचे अंतःकरण जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याचे गॅझेटियर चाळीत बसण्यापेक्षा त्याच्या विमानतळावरील येण्याजाण्याचा फलक वाचावा, असे माझे मत अलीकडे दृढ होत चालले आहे. मुंबई किंवा दिल्ली यांसारख्या थोर विमानतळांस हे लागू नाही. तेथून विमाने सर्वत्र जातात, आणि ज्यास सर्वत्र जावयाचे असते त्याच्या मनात खरोखर काय आहे हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. परंतु कोल्हापूरनजीकच्या उजळाईवाडीसारखा, जेथील दिवसाची उड्डाणे बोटांवर मोजून संपतात, असा जो विमानतळ, त्याचा फलक मोठा प्रांजळ असतो. त्यावर मुंबई असते, कारण मंत्रालय मुंबईस आहे आणि कोल्हापूरकराचा कोणता ना कोणता अर्ज तेथे कोणत्या ना कोणत्या मेजावर पडून असतोच. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसू लागल्यामुळे वकीलमंडळींचे मुंबईस जाण्याचे एक सबळ कारण गेले, ही गोष्ट विमान कंपन्यांच्या हिशेबनिसांनी खात्रीने टिपून ठेवली असेल. त्यावर बंगळूर आणि हैदराबाद असतात, कारण घरोघरचे चिरंजीव तेथे संगणकापुढे बसलेले असतात आणि त्यांच्या मातोश्री अधूनमधून कांदा-लसूण मसाल्याचा डबा घेऊन त्यांची विचारपूस करावयास निघतात. अहमदाबादनेही त्या फलकावर हजेरी लावली, कारण इचलकरंजीचे कापड आणि गुजरातचा व्यापार यांची सोयरीक विमानविद्येपेक्षा पुष्कळच जुनी आहे. आणि या सर्व ऐहिक नावांच्या पंक्तीत काही वर्षांपूर्वी एक नाव येऊन बसले, ते वाचून मी माझा मुंबईचा बेत तहकूब केला. ते नाव तिरुपतीचे होते.

तिरुपतीचे नाव कोल्हापूरच्या फलकावर येणे ही निव्वळ वाहतुकीची बाब नव्हे, हे अंबाबाईच्या क्षेत्रात वाढलेल्या माणसास सांगावयास नको. भृगुऋषींनी विष्णूच्या वक्षःस्थळी लाथ मारली, त्याबद्दल रागे भरण्याचे सोडून विष्णूने उलट ऋषींचेच पाय चेपले, आणि आपल्या निवासस्थानाचा असा अवमान झालेला पाहून संतप्त झालेली लक्ष्मी जी निघाली ती करवीरक्षेत्री येऊन राहिली; मागाहून तिचा शोध घेत भूलोकी आलेले श्रीहरी व्यंकटाचलावर स्थिरावले. तेव्हापासून उभयतांचा मुक्काम वेगवेगळ्या गावी आहे. नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईस मानाचा शालू येतो, कोल्हापूरचे दर्शन घेतल्यावाचून तिरुपतीची यात्रा पुरी होत नाही असे भाविक मानतात, आणि रेल्वेखात्याने या दोन ठिकाणांमधील गाडीस हरिप्रिया एक्स्प्रेस असे नाव देऊन पुराणांविषयी आपणही अगदीच अनभिज्ञ नाही हे दाखवून दिले आहे. ही गाडी जाण्यास जवळजवळ पूर्ण एक अहोरात्र घेते. तेच अंतर पावणेदोन-दोन तासांत तोडणारे विमान सुरू झाले, तेव्हा युगानुयुगे चालत आलेल्या एका रुसव्यात नागरी उड्डाण खात्याने प्रथमच हस्तक्षेप केला, असे म्हणावयास हरकत नाही.

कोल्हापूरचा आणि वाहनांचा संबंध पित्याकडून पुत्राकडे वारसाहक्काने आलेला आहे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९१ साली, मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस उजळाईवाडीच्या माळावर विमाने उतरविण्याची तजवीज केली. आज स्थानकास पित्याचे आणि विमानतळास पुत्राचे नाव आहे, आणि दोघांच्याही पदरी प्रवाशांच्या तक्रारी सारख्याच जमा आहेत. मात्र रेल्वे जी आली ती आलीच; विमानांचे तसे झाले नाही. संस्थान विलीन झाले, माळ राहिला, आणि त्यानंतरच्या दीर्घ काळात तेथे विमाने कधी येत, कधी वर्षानुवर्षे येत नसत, आणि जेव्हा येत नसत तेव्हा शहरातील प्रत्येक निवडणुकीच्या सभेत ती येत. आता तेथे काळ्या दगडाच्या कमानींची आठवण देणारी नवी इमारत उभी राहिली आहे. तिचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. पूर्वी साडेतेराशे मीटरांच्या आसपास असलेली धावपट्टी एकोणीसशेच्या पुढे गेली आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरांना थोडी कमी आहे हे खरे. परंतु मुंबईस ती एकाच दिवसात नऊशेहून अधिक विमानांच्या येण्याजाण्यास पुरवावी लागते आणि उजळाईवाडीस तशी घाई कधीच नसते.

या प्रदीर्घ निद्रेतून अशा गावांस जागे करण्याचे श्रेय ‘उडान’ या सरकारी योजनेस आहे. २०१६ साली तिची घोषणा झाली, आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलात तिचे पहिले विमान शिमल्याहून दिल्लीस उडाले. सुमारे तासाभराच्या प्रवासास विमानातील निम्म्या जागांवर अडीच हजार रुपयांच्या वर भाडे घ्यावयाचे नाही, आणि त्यामुळे जी तूट येईल ती सरकारने तीन वर्षेपर्यंत भरून द्यावयाची, असा तिचा मूळ करार. यातील ‘तीन वर्षे’ या शब्दांकडे सामान्य प्रवाशाचे लक्ष जात नाही, कंपन्यांचे जाते. त्यामुळे या मार्गांचा जन्म मोठ्या थाटाने होतो: अग्निशामक बंब दोहों बाजूंनी पाण्याच्या कमानी उभारून विमानास सलामी देतात, पालकमंत्री फीत कापतात, पहिल्या प्रवाशास हार घातला जातो आणि तो प्रवासी वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी हसताना दिसतो. मार्ग बंद होतो तेव्हा मात्र कोणी भाषण करीत नाही. फलकावरून एक ओळ कमी होते, आणि ज्याने पुढच्या महिन्याचे तिकीट काढून ठेवलेले असते त्यास एक संदेश येतो, इतकेच.

मार्गांपेक्षाही माझे कुतूहल विमानांविषयी अधिक आहे, कारण माणसाचा स्वभाव वाहनाच्या आकारमानाप्रमाणे बदलतो असा माझा सिद्धान्त असून उजळाईवाडीस त्याची प्रयोगशाळा म्हणावयास हरकत नाही. २०१८ साली मुंबईहून येथे आलेले बीचक्राफ्ट १९००डी हे विमान एकोणीस आसनांच्या जातीचे होते. मधल्या वाटेच्या प्रत्येक बाजूस एकेकच आसन असल्यामुळे प्रत्येक प्रवाशास खिडकीही मिळे आणि वाटही मिळे, आणि खिडकीसाठी भांडण्याची जी राष्ट्रीय सवय आपल्या अंगी मुरली आहे तिला वावच उरत नसे. त्यात हवाई सुंदरी नसे, शौचकूप नसे, आणि दोघे वैमानिक समोर इतके जवळ असत की त्यांच्यापुढील काटे पाहून मागील मंडळी आपसांत मत देऊ शकत. नंतर पन्नास आसनांची एम्ब्रेयर १४५ ही ब्राझील देशची सडपातळ जेट विमाने आली. ती चालविणारी स्टार एअर ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका उद्योगसमूहाची असल्यामुळे त्या विमानाकडे लोक घरच्या माणसाकडे पाहावे तसे, म्हणजे काहीशा अभिमानाने आणि बऱ्याचशा टीकेच्या दृष्टीने, पाहतात. त्यात एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन अशी आसने असतात; एकट्या आसनावर बसलेला मनुष्य प्रवासभर इतरांकडे किंचित करुणेने पाहतो.

परंतु माझे हृदय जडले आहे ते एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानावर. फ्रान्स आणि इटली या दोन देशांनी मिळून केलेले, तुलूज येथे जुळविले जाणारे, सत्तर-अठ्ठ्याहत्तर माणसे नेणारे हे विमान जेटच्या मानाने मंद आहे, फार उंच जात नाही, आणि त्याचा आवाज कानात दिवसभर राहतो. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, लहान गावांचा खरा सेवक तेच आहे. जेट मोठ्या धावपट्टीची मागणी करते, इंधन अफाट पिते आणि प्रवासी थोडे असले की रुसते. एटीआर आखूड पट्टीवर समाधान मानते आणि चारशे-पाचशे किलोमीटरांच्या पल्ल्यावर थोडक्या इंधनात भागविते. त्याचे दार मागे असते, सामानाची कोठडी पुढे, वैमानिकांच्या पाठीशी असते. त्यामुळे ज्यांनी जादा पैसे भरून पहिली रांग मिळविली ती प्रतिष्ठित मंडळी सर्वांत शेवटी उतरतात आणि शाळेत ज्यांनी आयुष्यभर मागचा बाक सांभाळला ते सर्वांच्या आधी बाहेर पडतात. समाजव्यवस्थेची एवढी सुखद उलथापालथ मी अन्य कोणत्याही वाहनात पाहिलेली नाही.

अशाच एका विमानाने तिरुपतीस जाण्यासाठी मी उजळाईवाडीस पोहोचलो, तेव्हा माझ्यापुढे कागल तालुक्यातील एक वृद्ध दांपत्य उभे होते. आबांच्या डोक्यास भगवा फेटा होता, आक्कांच्या हातात कापडी पिशवी होती, आणि ती पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाताच पडद्यामागील तरुण शिपाई सावध होऊन उभा राहिला.

“आजी, नारळ हातातल्या पिशवीत नेता येत नाही.”

“का रं बाबा?”

या प्रश्नास शास्त्रीय उत्तर आहे. वाळलेल्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण एवढे असते की ते बंद जागी आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोक्याच्या मालात केलेली आहे. आणि ओला नारळ व सुके खोबरे यांतील भेदाची चर्चा करीत बसण्यापेक्षा तपासनीस बहुधा दोहोंसही एकच दंडक लावतात. शिपायाने हे आपल्या परीने समजावून सांगितले. आक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “आरं लेकरा, ही अंबाबाईची वटी हाय. तिच्या मालकाकडं निघालोय आमी. रिकाम्या हातानं जाऊ व्हय?”

शिपायाची मुद्रा पाहण्यासारखी झाली. नागरी उड्डाण सुरक्षेचे नियम त्यास तोंडपाठ होते, परंतु दैवी दांपत्याच्या परस्पर देण्याघेण्याविषयी त्यात एकही कलम नव्हते. शिवाय तोही कोल्हापूरचाच, आणि त्यास संध्याकाळी घरी जावयाचे होते. त्याने वरिष्ठांस बोलाविले. वरिष्ठांनी पिशवीकडे पाहिले, आक्कांकडे पाहिले, मागील खोळंबलेल्या रांगेकडे पाहिले, आणि महसूल खात्यात गेले असते तर फार वर चढले असते अशा हुशारीने निवाडा दिला: नारळ दाराबाहेर नेऊन वाढवावा आणि प्रसाद वाटावा. आबा स्वतः बाहेर गेले. थोड्याच वेळात तपासणीची संपूर्ण रांग, पट्टे काढलेली, बूट हातात घेतलेली, तोंडात ओल्या खोबऱ्याचा तुकडा धरून पुढे सरकू लागली. त्यानंतर आक्कांच्या पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याचा डबा निघाला. तिखट पूड हातच्या सामानात नेण्याची मनाई असल्याने तो मोठ्या सामानात रवाना झाला, आणि त्याबाबत मात्र कोणत्याही देवतेची साक्ष काढण्यात आली नाही.

विमानात माझी जागा आबांशेजारीच आली. एटीआरचे पंख छताच्या बाजूस लावलेले असल्यामुळे खालचा मुलूख पंखाच्या आड येत नाही. खिडकीतून आबांनी प्रथम पंख्याचे निरीक्षण केले. या विमानास जमिनीवर वीज पुरविणारे वेगळे लहान इंजिन नसते. उजवीकडील इंजिन सुरू ठेवून त्याचा पंखा तेवढा कळ दाबून थोपवून धरतात आणि विजेची गरज भागवितात. मग उजवा पंखा मोकळा सुटतो आणि डावा मागाहून फिरू लागतो. आयुष्यभर विहिरीवरील मोटारींशी झगडलेल्या माणसास हा प्रकार संशयास्पद वाटल्यास नवल नाही.

“पाव्हणं,” आबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “एकच फिराय लागलीय. दुसरी मोटार धरत न्हाई वाटतं. फेज गेला असंल.”

मी त्यांस यंत्ररचना समजावून देत असतानाच दुसरा पंखा फिरू लागला आणि माझे व्याख्यान अनावश्यक झाले. इतक्यात हवाई सुंदरी पुढे आली आणि चौथ्या रांगेत बसलेल्या दोन भरदार तरुणांस अत्यंत अदबीने मागील रांगेत बसण्याची विनंती करू लागली. लहान विमानात पुढचे-मागचे वजन तोलून धरावे लागते, आणि जागा रिकाम्या असल्या म्हणजे माणसे हलवून तो तोल साधतात, ही साधी गोष्ट; परंतु हे तरुण गंगावेशीकडच्या तालमीतले पैलवान निघाले. वजनाच्या कारणावरून उठविले जाण्यात अवमान आहे की गौरव आहे, याचा त्यांनी क्षणभर आपसांत विचार केला, आणि विमानाचा तोल आपणावाचून राहत नाही असा निष्कर्ष काढून ते छाती काढून मागे गेले. त्यांच्या पाठोपाठ सर्व विमानाची आदराची दृष्टी गेली.

उड्डाण झाले. खाली पंचगंगेचे वळण दिसले, उसाचे चौकोन दिसले, कारखान्यांची धुराडी दिसली. एटीआरची चाके पंखांत न जाता पोटाखालच्या फुगवट्यात मिटतात आणि मधल्या रांगांतून ती मिटताना स्पष्ट दिसतात.

“चाकं आत घेतली की रं ह्यानं,” आबा म्हणाले, आणि थोडा वेळ विचार करून म्हणाले, “उतरताना काढायला इसरू नये म्हंजे झालं.”

तिरुपतीत काय झाले ते सांगत नाही. रांगेत उभे राहण्याची वर्णने मराठीत विपुल आहेत. परतीच्या वेळी मात्र तेथील विमानतळावर एक पेच उद्भवला, त्याची नोंद करणे अवश्य आहे. आमच्या विमानातील निम्म्याहून अधिक पुरुष आणि बऱ्याच स्त्रिया व्यंकटेशास केस अर्पण करून आल्या होत्या. दारावरील जवानाच्या हाती एकामागून एक ओळखपत्रे पडू लागली. प्रत्येक छायाचित्रात भरघोस केस, पुष्कळांत मिशाही, आणि समोर मात्र तुळतुळीत, चंदनचर्चित, एकमेकांची भावंडे शोभणारी मस्तके. तो बिचारा प्रथम छायाचित्राकडे, मग मस्तकाकडे आणि अखेरीस आकाशाकडे पाही. रोजचीच सवय असल्यामुळे त्याने भुवयांवरून ओळख पटविण्याचे स्वतंत्र तंत्र बसविलेले दिसले. आबांच्या बाबतीत तेवढ्याने भागेना, तेव्हा आक्कांनी पुढे होऊन “हेच आमचं मालक” अशी जबानी दिली आणि खातरजमा पूर्ण झाली.

परतीचा प्रवास पावसाळी हवेतला होता. कोल्हापूरवर ढग इतके खाली उतरले होते की धावपट्टी ठरावीक अंतरावरून वैमानिकास दिसेना, आणि ती दिसल्यावाचून उतरण्यास परवानगी नसते. विमान घिरट्या घालू लागले. काही वेळाने वैमानिकाने धीरगंभीर स्वरात जाहीर केले की हवा निवळली नाही तर बेळगावास उतरावे लागेल. सांबऱ्याचा हा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली बांधला. तो कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे आणि आमच्या विमानास अगदी सोयीचा होता. परंतु बेळगाव हे नाव कानी पडताच विमानातील वातावरण पालटले. इतका वेळ हवेची काळजी करणारे प्रवासी एकदम सीमाप्रश्नाकडे वळले. एका निवृत्त मास्तरांनी महाजन आयोगाच्या अहवालातील अन्याय उलगडून दाखविण्यास प्रारंभ केला. पैलवानांपैकी एकाने, बेळगाव महाराष्ट्रात आल्याशिवाय आपण तेथे उतरणार नाही, असे विमानाच्या तोल सांभाळणाऱ्या जागेवरून जाहीर केले. आणि मागच्या रांगेतील एका व्यापाऱ्याने, त्यास तेथून घर जवळ पडत असल्यामुळे, या राष्ट्रीय भावनेत सामील होण्याचे जाणूनबुजून टाळले. १९५६ पासून भिजत पडलेला हा प्रश्न हजारो फुटांवर, ढगांच्या पोटात, आणखी वीस मिनिटांत सुटण्याच्या बेतात आला असतानाच ढगांस फट पडली, खाली उसाची शेते दिसली, आणि विमानाने नाक खाली केले. आबांनी खिडकीस कपाळ टेकले होते. चाके बाहेर आल्याचे त्यांनी सर्वांच्या माहितीसाठी मोठ्याने सांगितले.

विमान टेकले तेव्हा तुळतुळीत मस्तकांच्या त्या समुदायातून “अंबाबाईच्या नावानं चांगभलं!” असा जो गजर उठला, त्यात दोन्ही पंख्यांचा आवाज बुडाला. मागचे दार उघडले; पैलवान प्रथम उतरले. पहिल्या रांगेतील सूट घातलेले सद्गृहस्थ मधल्या वाटेत हातपिशवी धरून उभे राहिले आणि आक्कांनी सामानाच्या कप्प्यातून लाडवांची एकेक पुडकी मोजून काढीपर्यंत उभेच राहिले.

माझे मत विचाराल तर मुंबई आणि कोल्हापूर यांमध्ये पंख्याचे विमान हेच योग्य वाहन आहे, आणि लहान शहरांस जेट हवे असा जो आग्रह पुढारी धरतात तो मानासाठी असतो, प्रवासासाठी नसतो. जेटने वाचणारी दहा-पंधरा मिनिटे मुंबईवर घिरट्या घालण्यात बहुधा खर्ची पडतात. कारण तेथे उतरावयाच्या ठरीव वेळा मोठ्या विमानांनी आधीच वाटून घेतलेल्या असतात आणि लहान गावच्या विमानास उरलीसुरली वेळ मिळते, मग ती ऐन दुपारची का असेना. तेव्हा कोल्हापूरचे तिकीट काढणाऱ्या वाचकांनी एटीआर मिळाल्यास नाक मुरडू नये, मागच्या दाराजवळची खिडकी मागून घ्यावी, मसाला मोठ्या सामानात द्यावा, नारळ देवळातच वाढवावा. आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण, विमानाची चाके प्रत्यक्ष मिटलेली पाहिल्यावाचून, रद्द करू नये.